चकलांब्याची तूर आणि खाणाऱ्याची सही

लग्नकार्यात माणसानं बेतानं बोलावं, असं माधवी मला आमच्या स्वतःच्या लग्नापासून सांगत आलेली आहे. तिचं ऐकलं असतं तर मुग्धाच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या लग्नात, पंगतीत श्रीखंडाच्या भरात मी विहीणबाईंना "आम्हीसुद्धा घरी सगळं सेंद्रियच पिकवतो" असं सांगून मोकळा झालो नसतो. सगळं म्हणजे किती? तर चिपळूणच्या आमच्या गच्चीवरच्या कुंड्या. एक कढीपत्ता, दोन मिरच्या, गवती चहा, आणि एक टोमॅटो, ज्याला अख्ख्या हंगामात एकच फळ धरलं आणि तेही माकडानं आमच्या आधी तपासलं.

विहीणबाई सुमनबाई बीड जिल्ह्यातल्या, चकलांब्याच्या. पिढीजात शेतकरी. त्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं जपून ठेवलं आणि डिसेंबरात फोन केला.

"इवाई, यंदा आमच्या रानाचं तिसरं वरीस हाय. गटाची तपासणी ठेवलीय. खाणाऱ्याच्या बाजूचं बी एक माणूस असलं तर बरं पडतंय. तुमी जाणकार. दोघं बी या, हुरडा बी हाय."

आमच्याकडे व्याही, तिकडे इवाई. शब्द मला आवडला. 'जाणकार' मात्र छातीत रुतला.

तपासणी कसली, ते मी अमोलला, जावयाला, फोन करून हळूच विचारून घेतलं. माल परदेशात पाठवायचा तर बाहेरची संस्था येऊन शेत तपासते. सुमनबाईंच्या गटाची पद्धत वेगळी. त्यात शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात आणि एकमेकांची हमी घेतात. रासायनिक खत नाही, औषध नाही, औषध चोळलेलं बियाणं नाही. हे सोडल्या सोडल्या कुणी 'सेंद्रिय' होत नाही. आधी काही वर्षं बदलाचा काळ, तेवढ्यात जमीन जुनं विसरते. तो काळ पार पडला आणि गटानं 'होय' म्हटलं की कागद वरच्या समितीकडे, आणि तिथून छाप. "आईनं तीन वर्षं जीव टाकलाय त्यात," अमोल म्हणाला. "बाबा, तुम्ही फक्त बघा. जास्त बोलू नका." जावई आणि बायको यांचं माझ्याबद्दलचं मत इतकं जुळावं, याचं मला कौतुक वाटलं.

भेट म्हणून कोकम, फणसपोळी, काजू घेतले. आणि जाणकारानं अगदीच रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून माझ्या कुंड्यांना घालतो त्या सेंद्रिय खताचं एक नवंकोरं पाकीट. हिरव्या पानाचं चित्र असलेलं.

मांजरसुंबा

रस्ता विचारायची गरज नाही, असं मी पुण्यातच जाहीर केलं होतं. जामखेड, पाटोदा करत मांजरसुंब्याच्या घाटमाथ्याला लागलो तेव्हा दुपार झाली होती. कोकणातल्या माणसाला इथे आधी उघडं पडल्यासारखं होतं. आमच्याकडे डोंगर अंगावर बसलेले असतात. इथे ते लांब सरकून बसतात, पाहुण्यांना जागा करून दिल्यासारखे, आणि मधे सगळं आभाळच.

ढाब्यावर शेवभाजी आणि बाजरीची भाकरी मागवली. सोबत हिरवा ठेचा आला. "तिखट आहे का हो?" मी विचारलं.

"न्हाई न्हाई, गोडच हाय," वाढणारा म्हणाला.

पहिल्या घासाला मला माझे दिवंगत काका दिसले. पाणी, ताक, गूळ, पुन्हा पाणी. वाढणारा शेजारी उभा राहून काळजीनं बघत होता. "ह्ये तर लेकरं खात्यात," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

गल्ल्यावरच्या मालकांनी विचारलं, "कुनीकडं निघायलात?"

"चकलांब्याला."

"मंग हिकडून कावून आलात? पाथर्डीवरून जवळ पडतंय की!"

 माधवी भाकरीचा तुकडा मोडत फक्त एक शब्द म्हणाली, "जाणकार."

सुमनबाईंना फोन लावला तर त्या खुशीत. "चुकलात ते बरंच झालं. मी बीडात कामाला आलेच हाय. नारायणगड करू अन् संगंच गावाकडं जाऊ."

नारायणगड

गडाच्या पायथ्याशी सुमनबाई जीपमधून उतरल्या. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि पायात धावण्याच्या शर्यतीतले असावेत असे पांढरे बूट. "लेकानं पाठिवले. रानात काटा लागत न्हाई," त्या म्हणाल्या आणि आमच्या आधी वर पोचल्या. मी मागून आलो, प्रत्येक वळणावर निसर्ग बघायला थांबत. निसर्ग होताही बघण्यासारखा. खाली काळ्या रानाचे तुकडे, मधे ज्वारीचे फिकट हिरवे पट्टे, आणि कुठे कुठे तळ्यांचे चकाकते चौकोन.

दर्शन झालं. माधवीनं बाहेर आल्यावर विचारलं, "छाप मिळू दे, असं मागितलंत ना?"

सुमनबाई हसल्या. "देवाला कशाला मधी घालायचं? तपासायला कमलबाई हाय."

ते हसणं जरा लवकर संपलं, असं मला वाटलं.

चकलांबा

गावात पोचलो तर निम्म्या घरांना कुलपं. दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मला ते ऐकून माहीत होतं. सुमनबाईंच्या ओसरीवर ते डोळ्यांनी दिसलं. भिंतीवर खुंट्यांची रांग आणि प्रत्येक खुंटीला एक किल्ली. कुणाच्या कोंबड्या, कुणाचं तुळशीचं पाणी, कुणाची म्हातारी, सगळं या ओसरीवर सोपवून लोक गेलेले. आमच्या कॉलनीत शेजाऱ्याकडे किल्ली द्यायची तर आधी कपाटांना कुलपं घालतात.

एक खुंटी रिकामी होती.

"ती दगडूची," सुमनबाई म्हणाल्या. "आपल्या रानाला लागूनच त्याचं रान. लई वर्सं गेला तोडीला. त्याची माय हितंच जेवायची हिवाळाभर. यंदा शेततळं झालं, पाणी आलं, हरभरा पेरला पठ्ठ्यानं. घरीच हाय." सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की शेततळं यांनीच खणलं असावं.

रात्रीच्या जेवणात शेंगोळे होते. लसणाच्या झणझणीत रश्श्यात उकळलेली पिठाची वेटोळी. मी तीनदा मागून घेतले आणि विचारलं, पीठ कशाचं. हुलग्याचं, म्हणाल्या. हुलगा म्हणजे आपला कुळीथ! जन्मभर ज्याची पिठी भातावर ओतून खाल्ली, तो इतक्या लांब येऊन असा वळणावळणाचा झाला होता आणि मी त्याला ओळखलंही नाही. माझे व्याही आबा हे फार कमी बोलणारे. तेही यावर म्हणाले, "सासरी गेल्यावर मानूस बदलतंय." दिवसभरातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

दुसरं वाक्य त्यांनी हात धुताना माझ्या कानाशी म्हटलं. "इवाई, उद्या तपासायला कमलबाईची पाळी हाय."

त्यांनी थोडक्यात सांगितलं ते असं. कमलबाई गटातल्याच. गेल्या वर्षी त्यांनी दुकानातून आणलेलं लाल औषध चोळलेलं सोयाबीन न धुता-बघता पेरलं, अख्ख्या रानात. गटप्रमुख म्हणून सुमनबाईंनी ते रान मागं टाकलं. पुन्हा पहिल्या वर्षापासून मोजणी. कमलबाई महिनाभर बोलल्या नव्हत्या. गट मात्र सोडला नाही. आणि यंदा सुमनबाईंचं रान तपासायचं काम चिठ्ठीत त्यांच्याच वाट्याला आलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? निजा," आबा म्हणाले.

तपासणी

कमलबाई सकाळीच आल्या. शिडशिडीत बांधा, दोरी लावलेला चष्मा, आणि त्याच्या वरून बघायची सवय. सोबत गटातले अंकुशराव, लिहून घ्यायला. ते गाणं गुणगुणत आले, कमलबाईंनी बघितल्यावर थांबले.

मी वातावरण हलकं करावं म्हणून माझं पाकीट पुढं केलं. "हे आमच्याकडचं. सेंद्रिय."

कमलबाईंनी हिरव्या पानाकडे बघितलंच नाही. पाकीट उलटं केलं, मागची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याखाली धरली आणि वाचत गेल्या. मग शांतपणे विचारलं, "ह्ये कुंडीत घालता तुमी?"

"हो. दर महिन्याला."

"ह्याच्यात युरिया हाय. हितं लिवलंय की."

अंकुशरावांनी खोकला काढला. माधवी ज्वारीच्या दिशेनं तोंड करून उभी राहिली; तिचे खांदे हलत होते.

"हे रानात ठिवू नका," कमलबाई म्हणाल्या. "गाडीत ठिवा. अन् गाडी बांधाच्या भाईर."

अशा रीतीनं त्या दिवशी चकलांब्याच्या शिवारात सगळ्यात पहिल्यांदा नापास झालो तो मी. माझी गाडी, पाकिटासह, लांब बाभळीखाली नेऊन उभी केली. जाणकारपणाचं ओझं उतरल्यावर मात्र मला एकदम मोकळं वाटायला लागलं, आणि खरं सांगतो, तिथून पुढे मी पहिल्यांदाच नीट बघायला लागलो.

कमलबाईंची तपासणी म्हणजे नवी सून बघायला आलेल्या आत्याबाईची नजर. फवारणीचा पंप त्यांनी तोंडाशी धरून हुंगला. "उसना देता का कुनाला?" "न्हाई." "कुनाचा आनता का?" "न्हाई." दुसऱ्याच्या पंपात औषधाचा अंश राहतो, म्हणून पंपही स्वतःचाच हवा. गोमूत्राच्या पिंपात, निंबोळीच्या अर्कात काठी घालून बघितलं. बियाण्याच्या मडक्यात कोपरापर्यंत हात. रिकामी गोणी दिसली तर ती उलटी करून झटकली, त्यात आधी काय होतं ते विचारलं. गाई काय खातात, पेंड कुठली, हेही. मला वाटलं आता गाईला आ करायला सांगतात.

तुरीच्या रानात ठिकठिकाणी इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या रोवलेल्या. "कपडे वाळत घालायला?" मी विचारलं.

"पाखरं बसायला," सुमनबाई म्हणाल्या. "बसत्यात अन् अळ्या टिपत्यात. आमचे बिनपगारी मजूर."

तूर शेंगांनी लगडलेली होती. कमलबाई ओळींमधून चालत, एखादी शेंग फोडत, दाणा दातांखाली धरत पुढं जात होत्या. सुमनबाई मागून हात मागे बांधून चालल्या होत्या. दोघींमध्ये गरजेपुरतं बोलणं. दगडूभाऊंच्या बाजूच्या बांधाकडेला आल्यावर कमलबाई थांबल्या. "ह्या अंगाला आडपीक न्हाई लावलं?"

शेजारच्या रानातलं औषध उडून येऊ नये म्हणून कडेला उंच पिकाचा पट्टा ठेवायचा, असा नियम आहे. बाकी तिन्ही बाजूंना मक्याची भिंत होती.

"तिकडलं रान हिवाळ्यात पडीकच असायचं," सुमनबाई म्हणाल्या. "यंदाच हरभरा हाय. पर मधी बांध मोठा हाय, बोरी-बाभळी हायत."

"हं," म्हणून कमलबाई पुढं गेल्या. अंकुशरावांनी काहीतरी लिहिलं. शेवटी बांधावर येऊन त्या म्हणाल्या, "रान चांगलंय." एवढंच. सुमनबाईंनी पदरानं कपाळ पुसलं, डिसेंबरच्या थंडीत.

हुरडा

ज्वारीच्या कडेला खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली. अशा ठिकाणी शेजारी नाही असं कसं होईल? दगडूभाऊंना आग्रहाचं बोलावणं होतं. ते आले; गोल चेहरा, गळ्यात उपरणं, आणि हुरडा भाजण्यात तालुक्यात आपला हात कुणी धरत नाही, ही खात्री. ती खोटी नव्हती. राखेत खुपसलेली कणसं ते अशी फिरवत होते की दाणा भाजतो पण करपत नाही. मग गरम कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली की हिरवे मोती. मला वाटलं सोपं आहे. मी एक कणीस घेतलं, चोळलं, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं तुरीतली पाखरं उठली.

"पाव्हन्याचे हात लिवायचे हायत," दगडूभाऊ म्हणाले आणि माझ्या वाटचंही त्यांनी चोळून दिलं. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, दही, गूळ. कमलबाईही जरा सैल झाल्या होत्या. अंकुशरावांचं गाणं परत सुरू झालं होतं. आमच्याकडे हे सुख नाही, असं मी माधवीला म्हणत होतो, आणि एवढ्यात दगडूभाऊ अगदी मायेनं म्हणाले,

"वैनी, यंदा ह्या अंगाच्या तुरीला अळी दिसली का तुमाला?"

"न्हाई बा."

"दिसायचीच न्हाई!" दगडूभाऊंनी मांडीवर थाप मारली. "गेल्या महिन्यात हरभऱ्याला फवारा मारत व्हतो. पंपात उरलं व्हतं. तुमच्या कडंच्या तुरीवर बघतो तर अळी! म्हटलं, वैनीनं माझ्या मायला इतके हिवाळे भाकरी घातली, आपुन येवढं बी करू ने व्हय? दिलं मारून. त्या बाभळीपस्तोर."

आगटीत एक गोवरी फुटली. 

दगडूभाऊंनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. शाबासकी यायला इतका वेळ का लागतोय, ते त्यांना कळत नव्हतं. बरोबरच होतं. गेली तीन वर्षं या नियमांचा गाजावाजा गावात चालू होता तेव्हा यंदापर्यंत ते दर हिवाळ्यात ऊस तोडत होते. त्यांना कुणी सांगायचं राहून गेलं, कारण जो हिवाळ्यात नसतोच त्याला काय सांगायचं?

अंकुशराव उठून उभे राहिले. "का बे दगड्या! इचारायचं तरी व्हतं!"

"उपकार इचारून करत्यात व्हय बे?" दगडूभाऊ म्हणाले. मग कुणीतरी दोन वाक्यांत त्यांना समजावलं आणि त्या गोल चेहऱ्यावरचं हसू हळूहळू खाली उतरलं. त्यांनी हातातलं कणीस राखेत ठेवलं. "वैनी, म्या काय केलं ह्ये!"

"तू मायेनं केलंस," सुमनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज सरळ होता, पण त्या तुरीकडे बघत नव्हत्या.

अंकुशरावांनी मान खाली घालून सुचवलं, "दगडू चेष्टा करायलाय असं समजू. तपासणी तर झालीच व्हती. आपुन काय ऐकलं न्हाई."

सगळे कमलबाईंकडे बघायला लागले. कमलबाई माझ्याकडे वळल्या. "पाव्हनं, खाणारे तुमी. तुमचं काय म्हननं?"

मुलीच्या सासरी, विहीणबाईंच्या रानात, त्यांचाच हुरडा तोंडात असताना असा प्रश्न कुणावर येऊ नये. मी अमोलची सूचना आठवली. मी माधवीकडे बघितलं. तिनं भुवई एवढीशी उचलली. तिचा अर्थ 'गप्प बसा' असा होतो की 'बोला आता', हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी बोललो.

"मला काही कळत नाही, हे सकाळीच सिद्ध झालंय. पण माझ्या पाकिटावर पुढं हिरवं पान होतं आणि मागं युरिया. सकाळपासून मला राग येतोय तो युरियाचा नाही. बारीक अक्षरात लिहिला, त्याचा येतोय."

 आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर माधवी 'जाणकार' म्हणाली नाही.

"लिवा, अंकुशराव," सुमनबाई म्हणाल्या. "सगळं रान मागं टाका. कमलबाईचं टाकलं तसंच. मला येगळा नियम नको."

"तुमी गप बसा," कमलबाई कडाडल्या. "आज तुमी तपासनाऱ्या न्हाई, तपासून घेनाऱ्या हायत. दगडू, ऊठ. दाखीव."

सगळी वरात बांधाकडे निघाली. दगडूभाऊ पुढं, जणू चोर घटनास्थळ दाखवतोय. इथून तिथवर, या ओळींवर. कमलबाई बाभळीखाली उभ्या राहिल्या, मुठीत माती घेतली आणि सोडून बघितली. "त्या दिशी वारं कुनीकडून व्हतं?"

"वारं? तोंडावरच व्हतं की!" दगडूभाऊ म्हणाले. "सगळं माझ्याच अंगावर आलं. दोन दिस डोळे चुरचुरले. मायला म्हटलं बी, वैनीच्या तुरीपायी डोळे जायची पाळी आली."

वारं तुरीकडून त्यांच्याकडे, म्हणजे औषध आत न जाता परत हरभऱ्याकडेच आलं. अंकुशरावांना हे एका क्षणात कळलं, मला माधवीनं समजावल्यावर.

कमलबाईंनी जुनं धडपं फाडून चिंध्या केल्या. फवारलेल्या ओळींच्या पलीकडे, वर आणखी तितक्याच ओळी सोडून, तुरीच्या खोडांना त्या चिंध्या बांधत शेवटपर्यंत गेल्या. मग निकाल सांगितला. चिंधीच्या अलीकडचा पट्टा पहिल्या वर्षावर मागं. तिथली तूर वेगळी कापायची, वेगळ्या खळ्यावर झोडायची, वेगळ्या गोणीत, छापाशिवाय. आडपीक लावलं नाही ही गटप्रमुखाची चूक, तीही लिहायची. "माझं बी सगळ्या रानात पडलं व्हतं म्हनून सगळं मागं गेलं. ह्यांचं येवढ्यावर पडलं, तर येवढंच मागं. बाकीचं पुढं जाऊ द्या. वरचे काय म्हनायचं ते म्हनतील."

"झालेलं सगळं लिवा," सुमनबाई म्हणाल्या. "दगडूनं का मारलं, ते बी."

"ते कुठल्या रकान्यात लिवू?" अंकुशरावांनी विचारलं. पहिल्यांदा हसल्या त्या कमलबाई.

आगटी अजून तापलेली होती. सुमनबाईंनी एक कणीस काढलं, चोळलं, फुंकलं, आणि ती पहिली मूठ कमलबाईंच्या ओंजळीत ओतली. कमलबाईंनी "मीठ कुठंय?" असं विचारून ती खाल्ली. मग खाणाऱ्याची सही झाली. तळहात भाजल्यामुळे ती माझ्या सहीसारखी आली नाही, पण तिथे कुणाला माझी खरी सही माहीत नव्हती.

निरोप

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना रीतीप्रमाणे मला टॉवेल-टोपी, माधवीला साडी. आमच्याकडे पाहुण्याला नारळ देऊन मोकळं करतात. इथे डोक्यावर टोपी घातल्याशिवाय सोडत नाहीत. माझं डोकं बाहेरून मोठं असल्यामुळे टोपी टाळूवर पक्ष्यासारखी बसली. "हलू नका," माधवी म्हणाली, "अळ्या टिपेल."

दगडूभाऊ मायला घेऊन ओसरीवरच आले होते. रात्रभर झोपले नसावेत. "वैनी, माझ्या अंगाची चार तासं, हरभऱ्याच्या चार ओळी, मी बी आता बिगर औषधाची ठिवनार. पर तेवढं अळीला सांगून ठिवा."

सुमनबाई म्हणाल्या, "तू फकस्त पंपात उरलं तर घरी नेत जा बाबा." त्यांची माय मागून ओरडली, "अन् जेवायला मी हितंच येनार हाय, पोरगं घरी असलं तरी!"

चिपळूण

आंब्याला मोहोर धरून कैऱ्या दिसायला लागल्या तेव्हा फोन आला. वरच्या समितीनं सगळं वाचलं, चिंध्यांचा पट्टा वगळला आणि बाकीच्या रानाला छाप दिला. सुमनबाई एवढं एका दमात बोलल्या. मागून कमलबाईंचा आवाज आला, "आता पेढे म्हना की!" म्हणजे त्या तिथेच होत्या.

आठवड्यात पार्सल आलं. त्यात तुरीच्या डाळीचं पाकीट, छाप असलेलं. मी ते उलटं करून मागची अक्षरंही वाचली. सवय लागली आहे. सोबत फडक्यात बांधलेले हरभरे आणि गाठीत अडकवलेली चिठ्ठी, वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात: 'ह्याच्यावर औषध मारलेलं हाय. धुवून खाने. दगडू.'

मी ती चिठ्ठी कुंडीतल्या काठीला टाचून ठेवली. त्याच दुपारी माधवीनं नवी डाळ शिजवली. घरभर वास सुटला. फोडणीला टाकायला म्हणून मी धावत गच्चीवर गेलो, माझ्या कढीपत्त्याची चांगली टवटवीत डहाळी तोडून आणली आणि तिच्यापुढे धरली.

तिनं डहाळीकडे बघितलं, मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे.

"ती गॅलरीत ठेवा," ती म्हणाली. "दाराच्या बाहेर."

चकलांब्याची ती डाळ आम्ही कढीपत्त्याशिवाय खाल्ली. फार गोड लागली. माझ्या कुंड्यांचं सध्या पहिलं वर्ष चालू आहे.